मात्रा आणि पातळी : बालकांच्या बुरशीविरोधी उपचारातील मापनाचा इतिहास
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात)

१

मराठीत 'मात्रा' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांत इतके मिसळले आहेत की, बोलताना त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. पहिला अर्थ परिमाणाचा. 'मोजणे' हा अर्थ असलेल्या संस्कृत 'मा' धातूपासून आलेला हा शब्द छंदःशास्त्रात उच्चाराला लागणाऱ्या काळाचे माप दाखवितो आणि वैद्यकात एका वेळी द्यावयाच्या औषधाचे प्रमाण सांगतो. दुसरा अर्थ परिणामाचा. 'मात्रा लागू पडली' असे म्हणताना औषध किती दिले हे सांगावयाचे नसते. त्याचा गुण आला हे सांगावयाचे असते. 'त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही' या प्रयोगात तर परिमाण पूर्णपणे लोपले असून केवळ प्रभाव उरला आहे.

दिलेले प्रमाण आणि आलेला गुण यांना एकाच शब्दाने ओळखण्याच्या या रीतीमागे एक जुनी धारणा आहे : योग्य तेवढे दिले की योग्य तो परिणाम होतोच. विसाव्या शतकातील औषधशास्त्राने ही धारणा हळूहळू मोडीत काढली. दिलेले प्रमाण आणि आलेला गुण यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते. ती म्हणजे रक्तात प्रत्यक्ष असलेली औषधाची पातळी. सारखेच प्रमाण दिलेल्या दोन रोग्यांत ही पातळी सारखी असेलच असे नाही. गंभीर आजारी बालकांना द्यावयाच्या बुरशीविरोधी औषधांच्या बाबतीत या तिसऱ्या गोष्टीचा शोध कसा लागला, आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत त्या शोधाला काय अर्थ उरतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

बालकाला औषध किती द्यावे, हा प्रश्न दवाखान्यांपेक्षा जुना आहे. महाराष्ट्रात घरोघरी दिल्या जाणाऱ्या बाळगुटीत त्याचे एक उत्तर सापडते. वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष इत्यादी जिनसा सहाणेवर उगाळताना माप धरले जाई ते वजनाचे नव्हे, वेढ्यांचे. अमुक जिनसेचे दोन वेढे, तमुक जिनसेचा एकच. आणि मूल महिन्यामहिन्याने मोठे होईल तसे वेढे वाढवावयाचे. या रीतीत मोजण्याची शिस्त आहे, वयाचे भानही आहे. मात्र मुलाच्या पोटात गेल्यावर त्या जिनसेचे पुढे काय होते, हा प्रश्न तीत उद्भवत नाही.

युरोपीय वैद्यकातही बराच काळ परिस्थिती याहून फारशी निराळी नव्हती. थॉमस यंग याच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम असा : मुलाच्या वयाच्या वर्षांना, त्याच वर्षांत बारा मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे आणि प्रौढाच्या मात्रेचा तेवढा अंश मुलाला द्यावा. चार वर्षांच्या मुलाला, या नियमाने, चौथा हिस्सा मिळतो. हा यंग भाषाभ्यासकांना अपरिचित नाही. 'इंडो-युरोपीय' ही संज्ञा १८१३ साली प्रथम त्यानेच वापरली आणि रोझेटा शिलालेखाच्या वाचनातही त्याचा वाटा होता. वयाऐवजी वजन धरणारा क्लार्कचा नियमही पुढे प्रचारात आला. या दोन्ही नियमांचे गृहीतकृत्य एकच होते : मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ. आकाराच्या प्रमाणात औषध कमी केले की काम झाले.

या गृहीतकृत्याला मोठा तडा १९५९ साली गेला. लॉस एंजेलिस येथील बर्न्स, हॉजमन व कॅस यांनी असे दाखवून दिले की, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण ते औषध न दिलेल्या बालकांपेक्षा बरेच अधिक होते. नवजात बालकाच्या यकृताला या औषधाचा निचरा करण्याची क्षमता अद्याप आलेली नसते. त्यामुळे ते रक्तात साचत जाते, बालकाचा वर्ण राखाडी पडतो आणि रक्ताभिसरण कोसळते. प्रमाण आकाराच्या हिशेबाने ठरविले होते. चूक झाली ती निचऱ्याच्या हिशेबात. बालवैद्यकातील मापनाच्या इतिहासात हा प्रसंग दुभाजक ठरतो.

३

याच दशकात बुरशीविरोधी औषधांचा उदय झाला. 'बुरशी' हा मराठी शब्द मूळचा घरातला आहे. पावसाळ्यात भाकरीला, लोणच्याला, चामड्याच्या वहाणेला बुरशी येते. अंगावर उठणाऱ्या विकाराला नायटा किंवा गजकर्ण ही निराळी नावे होती. तान्ह्या मुलाच्या जिभेवर पांढरा थर धरला तर 'तोंड आले' म्हणत. शहापूर-मुरबाडच्या रानात पहिल्या पावसांनंतर उगवणारी अळंबी ही तर खाण्याची वस्तू. शास्त्रीय परिभाषेत स्थिरावलेला 'कवक' हा शब्द मनुस्मृतीत वर्ज्य पदार्थांच्या यादीत येतो. तेथेही तो भूछत्राचाच वाचक आहे. भाकरीवरचा थर, गजकर्ण, तान्ह्याचे तोंड येणे आणि अळंबी ही एकाच जीवसृष्टीची रूपे आहेत, हे लोकभाषेला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हीच सृष्टी दुबळ्या शरीराच्या रक्तात, फुप्फुसात व मेंदूत शिरू शकते, या घटनेला तर लोकभाषेत नावच नव्हते. २०२१ च्या साथीत 'काळी बुरशी' हा शब्द वृत्तपत्रांतून खेड्यापाड्यांत पोहोचला, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली.

औषधांचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येतो. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनी १९५० साली निस्टॅटिन जाहीर केले; त्या राज्याचे नाव औषधाच्या नावात उतरले आहे. ते तोंडातील व आतड्यातील बुरशीवर चालते, परंतु आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरत नाही. दशकाच्या मध्यास व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील जिवाणूपासून अ‍ॅम्फोटेरिसिन बी मिळाले. शिरेवाटे देता येणारे आणि खोल संसर्गावर चालणारे हे प्रभावी औषध होय. परंतु ते मूत्रपिंडाला अपाय करते. त्याच्या बाबतीत वैद्य रक्तातील औषध न मोजता मूत्रपिंडाचे कार्य व रक्तातील पोटॅशियम मोजत राहतात, आणि आजही हीच रीत आहे. १९५८ पासून गजकर्णावर पोटातून देण्यात येऊ लागलेल्या ग्रिसिओफुल्विनने मात्र एक नवी गोष्ट शिकविली. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास ते रक्तात अधिक शिरते, असे १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच दिसून आले. म्हणजे गोळी तीच असली तरी रोग्याच्या ताटात तेल-तूप किती, यावर रक्तातील पातळी अवलंबून राहते.

या इतिहासात महाराष्ट्राचाही एक अध्याय आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात मं. ज. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील जिवाणूंचा कसून शोध चालविला होता. त्यातून १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघाले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले त्याचे 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' हे नाव गावाची आठवण धरून आहे. हॅमायसिन पोटातून देऊन खोल संसर्ग बरे करता येतील अशी आशा होती आणि परदेशांतही तसे प्रयोग झाले. परंतु ते आतड्यातून रक्तात पुरेसे व खात्रीने शिरत नसे. अखेर त्याचा उपयोग तोंडातील व त्वचेवरील बुरशीपुरता राहिला. काचपात्रात बुरशी मारण्याची शक्ती त्याच्यात होती. रक्तात पातळी धरण्याची नव्हती.

४

रक्तातील पातळी मोजण्याचा विचार बुरशीच्या अभ्यासातून आलेला नाही. तो हिवतापाच्या अभ्यासातून आला. दुसऱ्या महायुद्धात क्विनाइनचा पुरवठा तुटला, तेव्हा मेपाक्रिनवर भिस्त ठेवावी लागली. परंतु ते कधी निष्फळ ठरे, कधी विषारी. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात जेम्स शॅनन व बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाने रक्तद्रवातील मेपाक्रिन मोजून असे दाखविले की, गुण येतो तो गिळलेल्या गोळ्यांच्या संख्येप्रमाणे नव्हे, तर रक्तद्रवातील पातळीप्रमाणे. आरंभी मोठी मात्रा देऊन पातळी झटपट गाठावी व मग लहान मात्रांनी ती टिकवावी, ही पद्धतही त्याच अभ्यासातून रूढ झाली.

बुरशीविरोधी औषधांपैकी पातळी मोजण्याची निकड प्रथम फ्लुसायटोसिनने निर्माण केली. १९५७ साली कर्करोगासाठी तयार केलेले हे द्रव्य १९६४ साली बुरशीवर गुणकारी आढळले. रक्तातील त्याची पातळी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर गेली की अस्थिमज्जेला धोका संभवतो, हा अनुभव लवकरच आला. आरंभीची मापनपद्धती जैविक होती. संवेदनक्षम बुरशी पेरलेल्या थाळीत रोग्याचा रक्तद्रव घालावयाचा आणि त्याभोवती बुरशी न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास मोजावयाचा. ही पद्धत स्वस्त होती, परंतु तिला पृथक्करण साधत नसे. इट्राकोनॅझोलपासून शरीरात जे दुसरे द्रव्य बनते तेही बुरशी मारते. थाळी या दोहोंची बेरीज दाखवी. १९७० नंतर प्रचारात आलेल्या उच्चदाब द्रव-वर्णलेखनाने दोन्ही द्रव्ये वेगवेगळी मोजता येऊ लागली. मात्र त्यामुळे मापन महाग झाले, आणि ते रोग्याच्या खाटेपासून दूर मोठ्या प्रयोगशाळेत गेले.

फ्लुकोनॅझोलची पातळी बहुतेक रोग्यांत अंदाजाबरहुकूम राहते. इट्राकोनॅझोल आणि २००२ साली आलेले व्होरिकोनॅझोल यांचे तसे नाही. व्होरिकोनॅझोलचा स्वभाव समजण्यास शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचा दृष्टांत उपयोगी पडेल. जलाशयाची पातळी केवळ आवकेवर ठरत नाही; आवक आणि विसर्ग यांच्या मेळावर ठरते. औषधाचा विसर्ग मुख्यतः यकृतातील विकरांच्या द्वारे होतो. प्रौढ माणसात व्होरिकोनॅझोलची आवक एका मर्यादेपलीकडे गेली की ही द्वारे पूर्ण उघडी असूनही अपुरी पडतात. मग मात्रा थोडी वाढविली तरी पातळी एकदम चढते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत द्वारे प्रशस्त असतात आणि औषध भराभर वाहून जाते. शिवाय एका महत्त्वाच्या विकराचे मंद रूप काही लोकांना जन्मतःच मिळालेले असते, आणि दक्षिण आशियात ते विरळ नाही.

आता यंगचा नियम येथे लावून पाहावा. साठ किलो वजनाच्या प्रौढाला शिरेवाटे किलोमागे ४ मिलिग्रॅमप्रमाणे एका वेळी २४० मिलिग्रॅम व्होरिकोनॅझोल मिळते. चार वर्षांच्या, पंधरा किलो वजनाच्या मुलाला यंगच्या नियमाने चौथा हिस्सा म्हणजे ६० मिलिग्रॅम मिळाले असते. आजची शिफारस किलोमागे ८ मिलिग्रॅमची, म्हणजे १२० मिलिग्रॅमची आहे. पहिल्या दिवशी त्याहूनही थोडी अधिक. जुन्या नियमाने मुलाला निम्मेच औषध मिळाले असते. नवजाताच्या बाबतीत क्लोरॅम्फेनिकॉलने 'फार दिले' ही चूक दाखविली होती. येथे चूक 'फार थोडे दिले' ही आहे. आणि १२० मिलिग्रॅम देऊनही खात्री नाहीच. लोझान येथील संशोधकांनी २००८ साली ५२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुढील मात्रेपूर्वीची पातळी लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असलेल्यांत उपचार अधिक वेळा फसले आणि ५.५ च्या वर गेलेल्यांत बुद्धिभ्रमासारखे विकार दिसले. या दोन आकड्यांमधील पट्ट्यात मूल आहे की नाही, हे रक्त मोजल्यावाचून सांगता येत नाही.

५

भारतात औषधपातळी-निरीक्षणाची सोय १९८० नंतरच्या दशकात मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत सुरू झाली. परळच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी विकसनशील देशातील या कार्याचा आढावा १९९९ साली प्रसिद्ध केला. तेथील काम प्रामुख्याने अपस्माराच्या औषधांवर उभे राहिले होते. त्याच संस्थेत नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने स्निग्ध कणांत बंदिस्त केलेले अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित केले. मूत्रपिंडाला होणारा अपाय कमी करणारे हे देशी औषध मुंबईच्या वैद्यकेतिहासातील महत्त्वाची कामगिरी होय. परंतु बुरशीविरोधी औषधांची पातळी मोजणे ही आजही प्रामुख्याने महानगरांतील मोठ्या प्रयोगशाळांतच होणारी गोष्ट आहे.

शहापूर आणि मुरबाड यांचे मुंबईशी असलेले नाते येथे ध्यानात घेतले पाहिजे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात उरलेला आदिवासी प्रदेश मुख्यत्वे या दोन तालुक्यांत आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींचे पाडे येथे डोंगरउतारांवर विखुरले आहेत. शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. आजारी मूलही त्याच दिशेने जाते : शहापूरहून आसनगाव किंवा महामार्गाने, मुरबाडहून कल्याणच्या रस्त्याने, पुढे ठाणे, कळवा आणि परळ. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात प्रतिकारशक्ती खालावलेले मूल असो वा अपुऱ्या दिवसांचे बालक असो, ज्यांना खोल बुरशीसंसर्गाचा धोका अधिक, त्यांना मुंबईवाचून गत्यंतर नसते.

तेथवर पोहोचलेल्या मुलाची पातळी मोजली जाण्याचा संभव तरी असतो. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. फुप्फुसातील बुरशीसंसर्गाचा उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतो, आणि त्यातील बराच काळ मूल घरी असते. पातळी याच काळात बदलते. आजार तीव्र असताना दाहामुळे यकृताची द्वारे आक्रसलेली असतात. दाह ओसरला की ती उघडतात आणि रुग्णालयात पुरेशी ठरलेली मात्रा घरी अपुरी पडू लागते. औषधपातळीचा इतिहास आजवर खाटेभोवती लिहिला गेला आहे. शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने त्याचा निर्णायक भाग पाड्यावर घडतो.

६

पाड्यावर पातळी बिघडविणाऱ्या कारणांपैकी तीन विशेष विचारार्ह आहेत.

पहिले अन्न. व्होरिकोनॅझोल उपाशीपोटी द्यावयाचे असते, इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर आणि त्याचेच द्रवरूप औषध पुन्हा उपाशीपोटी. या सूचनेत दिवसाची जेवणे ठरलेल्या वेळी होतात असे गृहीत धरलेले आहे. मजुरीवर जगणाऱ्या घरात ते नेहमी खरे नसते. कुपोषणाने क्षीण झालेल्या बालकाच्या रक्तात प्रथिने कमी असतात. इट्राकोनॅझोलसारखे जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांना बांधलेले औषध अशा रक्तात कसे वागेल, हे वजनाच्या गणिताने सांगता येत नाही.

दुसरे कारण क्षयरोग. त्यावरील रिफाम्पिसिन यकृताची द्वारे सताड उघडते. व्होरिकोनॅझोल व इट्राकोनॅझोल यांची पातळी त्यामुळे इतकी घसरते की व्होरिकोनॅझोलच्या बाबतीत ही जोडी निषिद्ध मानली जाते. अपस्मारावरील फेनिटॉइन व फेनोबार्बिटोन यांचाही परिणाम त्याच दिशेचा आहे. क्षयाची औषधे एका केंद्रातून आणि बुरशीची दुसऱ्या रुग्णालयातून मिळत असतील, तर दोन कागद एकत्र वाचणारा कोणीतरी असावा लागतो.

तिसरे कारण काळाच्या मोजणीचे आहे आणि ते भाषेशी निगडित आहे. पातळीचा आकडा एकटा निरर्थक असतो. शेवटची मात्रा केव्हा दिली व रक्त केव्हा घेतले, या दोन वेळा ठाऊक असल्याखेरीज तो वाचता येत नाही. पुढील मात्रेच्या ऐन आधी घेतलेल्या रक्तातील २ मिलिग्रॅम ही समाधानाची गोष्ट. मात्रेनंतर दोन तासांनी घेतलेल्या रक्तात तोच आकडा काळजीचा असू शकतो. आता 'औषध केव्हा दिले?' या प्रश्नाला ग्रामीण मराठीत येणारी उत्तरे पाहावीत : कोंबडा आरवताना, दिवस कासराभर वर आल्यावर, गुरे सुटायच्या वेळी, दिवेलागणीला, निजानीज झाल्यावर. ही उत्तरे अज्ञानाची नव्हेत. 'कासराभर' हा शब्द क्षितिजापासून सूर्याची उंची मोजतो. तेही मापच आहे, आणि ऋतू ठाऊक असेल तर ते घड्याळात उतरविता येते. परंतु परीक्षेच्या अर्जावर त्यासाठी रकाना नसतो. रकान्यात बहुधा 'सकाळ' असे लिहिले जाते आणि मूळ उत्तरातील अचूकपणा तेथेच हरवतो. बारा तासांच्या अंतराने दोन मात्रा, ही सूचनाही 'सकाळ-संध्याकाळ' होऊन पाड्यावर पोहोचते. सकाळ व संध्याकाळ यांतील अंतर बारा तासांचेच असेल असे मात्र नव्हे.

या अडचणींवर उपाय नाही असे म्हणता येणार नाही. रॉबर्ट गथ्री याने १९६३ साली नवजात बालकांच्या तपासणीसाठी टाचेतील रक्ताचे थेंब गाळणकागदावर सुकवून पाठविण्याची पद्धत प्रचारात आणली. बुरशीविरोधी औषधांची पातळी अशाच सुकलेल्या थेंबावरून मोजता येते असे अलीकडच्या अभ्यासांत दिसून आले आहे. या पद्धतीत शीतपेटी लागत नाही, मुलाचे रक्तही थोडेच घ्यावे लागते. आणि पाड्यावरील रक्ताचा थेंब प्रयोगशाळेकडे जाणे ही ग्रामीण महाराष्ट्रात नवी घटना नव्हे. १९५३ साली सुरू झालेल्या व १९५८ पासून निर्मूलनाचे ध्येय धरलेल्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमात ताप आलेल्या माणसाच्या बोटातून थेंब घेऊन, काचपट्टीवर पसरून, नाव-गाव लिहून ती पाठविण्याची व्यवस्था उभी राहिली. पातळीमापनाची कल्पना हिवतापाच्या औषधातून जन्मली. तिला पाड्यापर्यंत आणणारी वाटही हिवतापाच्याच कामाने पूर्वी घालून दिली आहे.

७

वरील विवेचनाचे सार असे. बालकांच्या औषधमापनाचा इतिहास वेढ्यांपासून वयाकडे, वयापासून वजनाकडे आणि वजनापासून रक्तातील पातळीकडे गेला आहे. प्रत्येक टप्प्यावर माप अधिक अचूक झाले. परंतु ते करणारा हात मुलापासून दूर जात राहिला. सहाण आजीच्या पुढ्यात होती, तराजू तालुक्याच्या दवाखान्यात आहे, वर्णलेखनाचे यंत्र महानगरात. हे अंतर केवळ किलोमीटरांचे असते तर वाहनाने मिटले असते. अहवाल मात्रा बदलण्याच्या वेळेनंतर हाती आला, किंवा रक्त घेतल्याची वेळ चुकीची लिहिली गेली, तर अचूक आकडाही मुलाच्या कामी येत नाही.

म्हणून थेंब नेण्याच्या सोयीइतकीच सोय प्रश्न विचारण्याच्या रीतीत हवी. शेवटची मात्रा केव्हा दिली, त्यापूर्वी मूल काय जेवले, आणखी कोणते औषध चालू आहे, हे तीन प्रश्न आईला तिच्या बोलीत विचारून तिचे उत्तर तिच्याच शब्दांत टिपून घेतले, तर प्रयोगशाळेतील आकड्याला अर्थ येतो. मात्रा दिली आणि मात्रा लागू पडली, या दोन वाक्यांमधील अंतर यंत्राने मोजता येते. परंतु ते केव्हापासून मोजावयाचे, हे औषध पाजणाऱ्या बाईलाच ठाऊक असते.